गुडघा बदलून घरी आलात? आता एक वही काढा

डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या पिशवीत निदान चार कागद असतात. सर्जनच्या सहीचं डिस्चार्ज कार्ड, फिजिशियननं शुगर-बीपीसाठी लिहिलेली चिठ्ठी, व्यायामाच्या चित्रांची पुसट झेरॉक्स आणि आहारतज्ज्ञांचा छापील तक्ता. शिवाय घरी जुन्या गोळ्यांचा डबा असतोच. कागद लिहिणारी माणसं आपापल्या जागी हुशार असतात, पण चारही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचलेलं माणूस बहुतेक घरांत कोणी नसतं. मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. पहिल्या भेटीत लोक चादर बाजूला करून मला गुडघा दाखवायला लागतात, मी आधी कागद मागते.

ऑपरेशन साधारण दीड-दोन तासांचं. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये खास प्लॅस्टिकची चकती, एवढं सर्जन नीट बसवून देतात. पण तो सांधा पूर्ण ताठ करणं, वाकवणं, त्याच्यावर भार टाकून जिना चढणं हे पुढच्या तीन महिन्यांचं काम आहे आणि ते कुणा एकाच्या हातात नाही. सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, वॉर्डातल्या सिस्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ, घरचे, पेशंटची देखभाल करायला ब्युरोतून येणारी बारा तासांची मावशी आणि स्वतः पेशंट, एवढी माणसं त्यात असतात. हॉस्पिटलात ती एका मजल्यावर वावरतात, राउंडला भेटतात, एकमेकांना विचारतात. घरी आलं की ही टीम विखुरते. ती घरात पुन्हा कशी बांधायची, ते सांगते.

ऑपरेशनची तारीख ठरली की

तयारी घरी आल्यावर सुरू करायची नसते, निदान तीन-चार आठवडे आधी करायची असते. डायबेटिस असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, बघितल्याशिवाय बहुतेक सर्जन तारीख देत नाहीत, कारण साखर चढलेली असेल तर जखमेत जंतू धरण्याची भीती वाढते. दात किडलेला असेल, लघवीला जळजळ असेल, पायाला चिखल्या किंवा भेगा असतील तर ते आधी बरं करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचंही आधीच बघा. रोजच्या सगळ्या गोळ्या, त्यात रक्त पातळ करणारी असेल तर तीही, डब्यासकट भूलतज्ज्ञांना दाखवा. नुसती नावं सांगू नका, डबाच न्या. आयुर्वेदिक काढे-गोळ्या लोक सांगायला विसरतात, त्याही सांगा.

फिजिओला ऑपरेशनच्या आधी एकदा भेटा. वॉकर धरून चालणं, मांडी आवळणं, पाय सरळ ठेवून उचलणं हे दुखऱ्या का होईना, पण बिनटाक्याच्या गुडघ्यानं शिकलेलं सोपं पडतं. वॉकर आणलात तर उंची तपासा. सरळ उभं राहून हात बाजूला सोडले की मनगटाची घडी जिथे येते, तिथे वॉकरची मूठ यायला हवी. शेजाऱ्यांकडून मागून आणलेला वॉकर बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या उंचीचा असतो.

आता घर. पलंग आणि खुर्ची इतकी उंच हवी की बसल्यावर मांड्या गुडघ्यांपेक्षा खाली जाणार नाहीत. जुना दिवाण बुटका असतो, त्याच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या. खुर्चीला हात हवेतच. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, कमोड बुटका असेल तर त्यावर बसवायची उंच सीट मिळते. बाथरूममध्ये भिंतीला दांडी बसवा आणि ती खिळ्यावर नको, भिंतीत पक्की ड्रिल करून हवी, कारण पेशंट तिच्यावर सगळं वजन टाकणार आहे. पायपुसणी, सतरंज्या, मोबाईलच्या चार्जरची लोंबती वायर आणि दारातला चपलांचा ढीग, सगळं उचला. मी घरात शिरताना पायपुसण्यावर पाय ठेवते आणि ते सरकलं की तिथेच गुंडाळून कपाटावर टाकते. लोकांना राग येतो, येऊ दे.

पैशाचंही याच वेळी बोलून घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, तेव्हापासून तो आकडा बिलात निदान ताब्यात आहे. पण नंतरची फिजिओ, मावशी, वॉकर, कमोडची खुर्ची यांचा हिशेब घरात कुणी मांडलेलाच नसतो आणि मग तिसऱ्या आठवड्यात 'आता आमचं आम्ही करू' म्हणून फिजिओ बंद होते. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरचा खर्च किती दिवसांपर्यंत धरतात ते पॉलिसीत वाचा आणि फिजिओथेरपी किती आठवडे हवी ते सर्जनकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नुसता तोंडी सल्ला मेडिक्लेमला चालत नाही.

कप्तान एकच

घरातलं एक माणूस ठरवा. मुलगी, सून, जावई, नवरा, कोणीही चालेल, पण एकच. डॉक्टरांना फोन तो करणार, औषधांतला बदल तो लिहिणार, फिजिओ काय सांगून गेली ते मावशीला तो समजावणार. तीन भावंडांनी तीन डॉक्टरांना फोन करून तीन उत्तरं आणायची आणि जेवणाच्या टेबलावर त्यांची कुस्ती लावायची, हा प्रकार मी फार बघते. पेशंट त्या वेळी पाय लांब करून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत असतो.

पुण्यात आणखी एक सभासद असतो, अमेरिकेतला मुलगा. तो रात्री नेटवर वाचतो आणि सकाळी आईला नव्या सूचना देतो. त्याला कप्तान करू नका, पण रिकामाही ठेवू नका. संध्याकाळच्या व्यायामाच्या वेळी व्हिडिओ कॉल लावायचा आणि मोजायचं काम त्याच्याकडे द्यायचं. आई माझ्यासमोर दहा वेळा करून थांबते, मुलाच्या समोर पंधरा करते. हे मी गमतीनं सांगत नाही, एका घरात याच्यावर महिनाभर व्यायाम चालला.

कप्तानाचं पहिलं काम म्हणजे सगळी औषधं टेबलावर मांडणं. जुना डबा आणि नवी पिशवी दोन्ही. एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावानं आलेलं असतं. पॅरासिटामॉल तर तीन गोळ्यांत लपलेलं सापडतं. किडनीचा किंवा बीपीचा त्रास असेल आणि कार्डावर सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी असेल, तर ती चालेल का आणि किती दिवस, हे फिजिशियनना विचारा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा पोटावरची इंजेक्शनं कोणत्या तारखेपर्यंत आहेत ते ठळक लिहून ठेवा. ही तारीख प्रत्येकाची वेगळी, साधारण दोन ते पाच आठवड्यांतली. बरं वाटतंय म्हणून ती आपण होऊन बंद करायची नाही आणि आधीपासून ॲस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र घ्यायच्या का, हा प्रश्न सर्जनला विचारल्याशिवाय घरी यायचं नाही.

मावशींना आधी शिकवा

ब्युरोतून आलेल्या मावशी पेशंटजवळ दिवसाचे बारा तास असतात. मी पाऊण तास असते, सर्जन दोन आठवड्यांतून दहा मिनिटं. तरी सूचना देताना सगळे मुलाकडे बघून बोलतात आणि मावशी दाराशी उभ्या असतात. त्यांना खुर्ची द्या, समोर बसवा.

त्यांना शिकवायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. पेशंट चालताना ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं. आधार कमरेला द्यायचा, दंड धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही. दंड ओढला की तोल उलट जातो आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. पेशंटला खुर्चीवरून उचलायचं नाही. त्याला पुढे सरकू दे, हातांनी खुर्ची दाबू दे, स्वतः उठू दे. पाण्याचा पेला हातात आणून द्यायचा नाही, चार पावलांवर ठेवायचा. इथे मावशींना अपराधी वाटतं, कारण आयतं देण्यासाठीच आपल्याला ठेवलंय असं त्यांना वाटतं. म्हणून हे घरच्यांनी त्यांच्यासमोर बोलून दाखवायला हवं, नाहीतर 'मावशी काही करत नाहीत' अशी तक्रार पेशंटच करतो.

आणि पोटरीला तेल लावून रगडायचं नाही. चांगल्या मनानं करतात, पण सुरुवातीच्या आठवड्यांत पोटरीच्या शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते, तिच्यावर जोर नको. जखमेवर तर काहीच नको. हळद नको, खोबरेल नको, कुणी दिलेलं मलम नको.

वहीतलं एक पान

दोनशे पानी साधी वही पुरते. ॲप नको, कारण मावशींचा, आजींचा आणि माझा मोबाईल वेगवेगळा असतो. वही पलंगाजवळ, पेन दोरीनं बांधलेलं. येणारा प्रत्येक माणूस तिच्यात लिहितो. कर्वेनगरच्या एका आजींच्या वहीतलं दुसऱ्या आठवड्यातलं एक पान असं होतं:

सकाळी ६.३० – थायरॉईडची गोळी. रात्री सारखी जाग.
७.४५ – उपमा, चहा. मग दुखण्याची गोळी.
८.३० – व्यायाम. टाच सरकवणे १५. दुखणं दहापैकी ६.
९.१० – बर्फ २० मिनिटं.
९.४५ – गरगरतं. मळमळ. आडव्या.
११ – व्यायामाला नाही म्हणाल्या.
पोट – काल नाही, आज नाही.
संध्या. ६.४५ – टाच तिसऱ्या फरशीच्या रेघेपाशी. पोटरी मऊ. पट्टी कोरडी.

त्या आजी आळशी आहेत, असं घरात ठरलं होतं. मुलगा ओरडत होता, सून गप्प होती आणि आजी भिंतीकडे तोंड करून झोपत होत्या. मी आधीची पानं उलटली तर रोज तेच. गोळी घेतली की दोन तासांच्या आत गरगर आणि त्यानंतर दुपारपर्यंत काहीच नाही. गोळी ट्रामाडॉलची होती. तिनं काहींना मळमळतं, चक्कर येते आणि पोट तर बऱ्याच जणांचं अडतं. पानाचा फोटो सर्जनच्या असिस्टंट डॉक्टरांना पाठवला, कप्तान सुनेनं फोन केला, त्यांनी गोळी बदलली आणि पोटासाठी औषध दिलं. दोन दिवसांनी आजी अकरा वाजता वॉकर घेऊन गॅलरीत उभ्या होत्या. यात कुणी काही अचाट केलं नाही. मावशींनी वेळ लिहिली होती, एवढंच.

म्हणून वेळ लिहा. 'चक्कर आली' याचा उपयोग कमी, '९.४५ ला आली' याचा जास्त. फरशीच्या रेघेचं सांगते. खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीवर ठेवून टाच मागे सरकवायची आणि जिथे पोचेल तिथे फरशीवर खडूनं खूण करायची. खुर्ची रोज त्याच जागी हवी. कोनमापक माझ्या पिशवीत असतो, पण पेशंटला '९२ अंश' ऐकून जेवढा आनंद होत नाही तेवढा खूण एका बोटानं मागे गेलेली बघून होतो. आणि पार्श्वभाग उचलून खूण आणखी मागे न्यायची लबाडी सगळे करतात, मावशींना तेवढं लक्ष ठेवायला सांगा.

वाकण्याआधी ताठ

घरचे सगळे विचारतात, 'किती वाकतो?' मी आधी बघते, पाय सरळ होतो का. गुडघा पूर्ण ताठ झाला नाही तर माणूस कायम लंगडतो, मांडी लवकर थकते आणि कंबर दुखायला लागते. आणि पाय सरळ होणं सुरुवातीच्या आठवड्यांत साधलं नाही तर नंतर फार जड जातं. म्हणून गुडघ्याखाली उशी नाही. बरं वाटतं, मान्य, पण गुडघा त्याच वाकड्या अवस्थेत आखडतो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तपासायचं तर पेशंटला गादीवर सरळ झोपवून गुडघ्यामागे तुमचा पंजा सरकवून बघा. पंजा आरामात जातोय म्हणजे काम बाकी आहे. मग पेशंटला गुडघ्यानं तो पंजा दाबायला सांगा आणि पाच आकडे मोजा. हाच मांडीचा पहिला व्यायाम.

बाकीचे व्यायाम तुमची फिजिओ पेशंट बघून ठरवेल. साधारणपणे जागेपणी दर तासाला पावलांचे पंजे वर-खाली, मांडी आवळणं, पाय सरळ ठेवून उचलणं, टाच सरकवणं, मग खुर्चीतून उठबस. दिवसातून तीनदा थोडं थोडं. सकाळी एकदाच तासभर करून गुडघा भोपळा करून घेऊ नका. वाकण्याचं गणित ढोबळ असं: दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास, सहा आठवड्यांत ११० च्या आसपास. सपाटीवर चालायला साधारण ७० पुरतात, खुर्चीतून नीट उठायला ९० च्या पुढे लागतात. ऑपरेशनच्या आधी ज्यांचा गुडघा जेमतेम ९० वाकत होता त्यांनी शेजारणीच्या १२५ शी बरोबरी करू नये. सहा आठवडे होऊनही ९० च्या खालीच अडकला असेल तर फिजिओ आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलायलाच हवं. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय असतो, पण तो वेळेत केला तरच सोपा. या बाबतीत 'बघू अजून एक महिना' म्हणणारी फिजिओ भेटली तर तुम्हीच सर्जनला फोन करा.

भाड्यानं मिळणारं पाय हलवणारं मशीन घ्यावं का, हेही हमखास विचारतात. मशीन पाय हलवतं, पेशंट पेपर वाचतो. स्वतः केलेल्या व्यायामापुढे त्याचा फारसा जादा फायदा दिसलेला नाही. ते पैसे मावशींवर किंवा फिजिओवर घाला.

दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी, बर्फ व्यायामानंतर. बर्फ थेट कातडीवर नको, पंच्यात गुंडाळून, १५-२० मिनिटं. आपल्याकडे आज्जीपासून सगळे गरम शेकाचे भक्त, 'थंड लागेल, वारा धरेल' म्हणतात. सूज आहे तोवर बर्फच. गुडघा हाताला गरम लागणं काही महिने चालतं. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर लागते, कारण तिथल्या बारीक नसा छेदात जातात. मधूनच 'टक' असा आवाज येतो. या तिन्ही गोष्टींसाठी रात्री अकराला मला फोन करू नका.

चालणं, जिना, बाथरूम

बऱ्याच ठिकाणी आता ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीच उभं करतात. पायाला बधिर करणारं इंजेक्शन दिलेलं असेल तर गुडघा अचानक लचकू शकतो, म्हणून पहिल्या रात्री कुणालाही न सांगता बाथरूमला उठायचं नाही. घरी आल्यावरसुद्धा आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं.

वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. दुखऱ्या बाजूलाच काठी धरायची ओढ सगळ्यांना होते. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एका हाताला कठडा हवाच. शनिवार-नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि कठड्याच्या जागी दोरखंड. तिथे पेशंटला काही आठवडे खालच्या मजल्यावर नातेवाइकांकडे ठेवणं जास्त शहाणपणाचं, हे मी स्पष्ट सांगते. उतरताना मावशी पेशंटच्या एक पायरी खाली, चढताना एक पायरी मागे.

आंघोळ खुर्चीवर बसून. टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांत निघतात, तोवर पट्टी भिजवायची की नाही हे सर्जननं वापरलेल्या पट्टीवर अवलंबून असतं, ते विचारून वहीत लिहा. बाथरूममधला कडप्पा, म्हणजे काळी फरशी, ओला असताना पाऊल टाकायचं नाही, आधी कुणीतरी पुसायचा.

कुणाला, केव्हा फोन

हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवं.

एका पोटरीला नव्यानं सूज, दाबल्यावर दुखणं, गरमपणा: त्याच दिवशी सर्जन. श्वास लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त: फोनाफोनी नको, १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल. पडलात आणि पाय टेकवत नाही: उभं करायचा प्रयत्न न करता सर्जनला फोन.

जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली रोज पसरत जाणं, ताप-थंडी, कमी होत आलेलं दुखणं एकदम वाढणं: सर्जन, त्याच दिवशी. इथे एक गोष्ट ठासून सांगते. जखम पाझरते म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नका. वरून जखम सुकल्यासारखी दिसते, आत सांध्यापाशी जंतू तसेच राहतात आणि पुढे तपासणीला पाणी पाठवलं तर जंतू सापडत नाहीत, म्हणजे नेमकं औषध ठरवता येत नाही. फॅमिली डॉक्टर टीममध्ये हवेतच, पण गुडघ्याच्या जखमेला पहिला हात सर्जनचा.

साखर वर-खाली, बीपी, पायांवर एकूण सूज, लघवी कमी: फिजिशियन. तीन दिवस पोट नाही: आधी असिस्टंट डॉक्टरांना विचारा, पाणी चालू ठेवा. व्यायामानंतर सूज वाढून रात्रभर उतरली नाही: मला, म्हणजे तुमच्या फिजिओला. व्यायाम कमी करायचा की बदलायचा हे तिनं ठरवायचं, मनानं पूर्ण बंद करायचा नाही.

भेटायला येणारे

येणारे मोसंबी आणतात आणि सोबत एक गोष्टही आणतात. कुणाची मावसबहीण पंधरा दिवसांत पर्वती चढलेली असते, कुणाच्या साडूचा गुडघा 'फेल' गेलेला असतो. दोन्ही गोष्टी पेशंटला सारख्याच वाईट. वेळ ठरवून द्या. दुपारी एक ते चार पुण्यात दुकानंसुद्धा बंद असतात, पेशंटला तेवढी सवलत द्या.

डिंकाचे लाडू चालतील, पण डायबेटिस असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून. जखम भरायला आणि मांडीची ताकद परत यायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, दही, पनीर, खात असाल तर अंडी-मासे. सकाळी नुसता चहा-बिस्किट आणि वर भरपूर गोळ्या हा आपल्या ज्येष्ठांचा आवडता नाश्ता बंद करा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 'उगाच केलं ऑपरेशन' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात येतं. झोप नाही, दुखणं आहे, माणसांची गर्दी ओसरलेली आहे. घरच्यांनी घाबरू नये आणि उपदेशही करू नये. वहीतली पहिल्या दिवसाची खूण आणि आजची खूण दाखवा. पण रडणं थांबत नसेल, जेवण सुटलं असेल तर तेही लिहा आणि फिजिशियनना सांगा.

खुबा बदलला असेल तर

गुडघ्याच्या पेशंटला मी 'वाकव' म्हणते, खुब्याच्या पेशंटला 'जपून'. सर्जननं खुबा पाठीमागच्या बाजूनं उघडला असेल तर सांधा निसटू नये म्हणून काही आठवडे कमरेत ९० अंशांपलीकडे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. म्हणजे पाट बंद, बुटका सोफा बंद, खाली पडलेली किल्ली उचलणं बंद, कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. कोणत्या बाजूनं ऑपरेशन झालं आणि ही बंधनं किती दिवस, हे सर्जनकडून लिहून घ्या. गुडघा बदललेल्या शेजारणीचे व्यायाम खुब्याच्या पेशंटला शिकवू नका.

महिन्या-दीड महिन्यानंतर

वॉकर सुटतो, काठी येते, मग तीही विसरायला होते. सगळ्यांना वाटतं संपलं. मांडीची ताकद मात्र अजून निम्म्या वाटेवर असते, म्हणून तीन महिन्यांपर्यंत व्यायाम चालू ठेवा, फिजिओ आठवड्यातून एकदा आली तरी चालेल. चारचाकी चालवायला साधारण सहा आठवड्यांनी, सर्जननं हो म्हटल्यावर आणि अचानक ब्रेक जोरात दाबता आला तर. दुचाकीला त्याहून उशिरा, कारण सिग्नलला तोल गेला की सगळा भार एका पायावर येतो. मांडी घालून बसणं आणि देशी संडास याबद्दल तुमच्या सर्जनचं मत घ्या, नेहमीच्या इम्प्लांटला बहुतेक जण ते टाळायला सांगतात. पूजा, जेवण, भजन खुर्चीवर बसून होतं. वारीला जायचं का, असं ज्येष्ठात हमखास विचारतात. सहा-आठ महिने झाले असतील, रोज चार-पाच किलोमीटर चालणं अंगवळणी पडलं असेल, तर एखादा सपाट टप्पा चाला आणि दिवे घाट गाडीनं करा.

इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवलेले असतात. त्यांचा फोटो काढून कप्तानाच्या आणि पेशंटच्या मोबाईलमध्ये ठेवा, पुढे कधी दुसऱ्या सर्जनकडे जावं लागलं तर कंपनी आणि साइझ त्यावरूनच कळते. दाताचं मोठं काम निघालं तर दंतवैद्याला कृत्रिम सांध्याबद्दल आधी सांगा. कुठेही पिकलेलं गळू किंवा लघवीचा संसर्ग अंगावर काढू नका, जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचू शकतात. सर्जन सांगतील तेव्हा एक्स-रे काढा, काही दुखत नसलं तरी. आणि लोहगावच्या विमानतळावर दारातून जाताना मशीन वाजेल. गुडघ्यावर हात ठेवून 'ऑपरेशन' म्हटलं की ते लोक हातातल्या यंत्रानं तपासून सोडतात, त्यासाठी सलवार किंवा साडी वर करून टाके दाखवायची गरज नाही.